मधली जागा

बनसोडे सरांना कुणी नमस्कार घातला की ते आधी मागं वळून बघायचे. हा नमस्कार आपल्यालाच आहे का, आणि असला तर आजच का, हे ठरल्याशिवाय त्यांचे हात जुळत नसत. मी शाळेत नवीन लागलो तेव्हा त्यांना बरं वाटावं म्हणून ‘जयभीम’ म्हणालो. ते थांबले, चष्मा नाकावर खाली घेतला आणि विचारलं, ‘‘स्वामी, तुम्ही जयभीम का म्हणालात?’’ मी म्हणालो, सहज. त्यावर, सहज असं काही नसतं, एवढं सांगून ते वर्गावर निघून गेले. पुढं आमची चांगली मैत्री झाली; पण तो प्रश्न त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला असेल असं मला वाटत नाही.

आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, हैदराबादच्या मोठ्या रस्त्यापासून जरा आत. हायस्कूलला मी मराठी शिकवायचो आणि माणिक बनसोडे गणित. अंगानं काटकुळे, भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा, खिशात कायम खडू. शाळेची घंटा झाली तरी आपल्या घड्याळात बघितल्याशिवाय ते उठायचे नाहीत. गणिताच्या पुस्तकाच्या मागं छापलेल्या उत्तरांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ती कुणी लिहिली त्या माणसाला आपण ओळखत नाही, असं त्यांचं म्हणणं. दर उन्हाळ्यात ते सगळं पुस्तक स्वतः सोडवायचे आणि एखादं उत्तर चुकलेलं सापडलं की त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना त्यांच्याकडून चहा असायचा. इतक्या आनंदात मी त्यांना दुसऱ्या कशानं पाहिलेलं नाही.

त्यांच्या घराला दोन दारं होती. वस्तीतल्या बाकी घरांना एकेकच. रजेचा अर्ज ते शिपायाच्या हाती पाठवायचे आणि तसाच दुसरा स्वतः नेऊन द्यायचे. बहिणीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला पोस्टानंही आली आणि हातानंही. मी चेष्टा केली, सर, एक आता दुसऱ्या कुणाला देऊ का? ते म्हणाले, ‘‘ठेवा. एक वाट अडली तर दुसरी मोकळी पाहिजे. दोन्ही एकदम कुणी अडवू शकत नाही.’’ मला तेव्हा ही नुसती संशयी माणसाची तऱ्हा वाटली. त्यामागं एक खेळ आहे हे नंतर कळलं.

खेळाच्या आधी पाण्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरच होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला. अर्ध्या गावानं तिथं माती वाहिली; सरांच्या आईनंही वाहिली, तिला सगळे माय म्हणायचे. तलावाखाली विहीर निघाली, विहिरीला पाणी लागलं, आणि काही वर्षांनी ते पाइपानं खाली आणायला सहकारी पाणीपुरवठा संस्था उभी राहिली. विहीर गावाच्या एका टोकाला, बौद्धवस्ती दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळ्यांची शेतं. पाइपाच्या शेवटी वस्तीत एक नळ द्यायचा असं ठरलं होतं. वस्तीतला आड दुष्काळातच आटला होता. बाया ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. नाहीतर गावातल्या जुन्या विहिरीवर जाऊन सगळ्यांचं भरून होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. कुणी नको म्हणत नव्हतं, तसा कायदाच होता. फक्त त्यांची पाळी येत नव्हती. सरांची माय सत्तरीला टेकली होती आणि तीही झिऱ्यावर जायची. सरांना तो नळ तिच्या जिवात जीव आहे तोवर यायला हवा होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर, हे का सांगितलं म्हणून स्वतःवरच चिडले.

संस्थेचे चेअरमन विरूपाक्षअप्पा. आडत दुकान, शेती, कपाळाला भस्म, मराठी बोलताना मधूनच कानडी वळण. त्यांनी संस्थेच्या कचेरीच्या ओसरीला सोलापूरहून आणून सहाकोनी फरशी बसवली होती. सगळ्या गावानं ती येऊन पाहिली. सर काही अर्ज घेऊन गेले ते अर्ज हातात तसाच धरून फरशीकडंच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला ओढत घेऊन गेले. एका खिशात चिंचोके, दुसऱ्यात पांढरे खडे.

खेळ त्यांना औरंगाबादच्या वसतिगृहात कुणीतरी शिकवला होता. त्याला ते ‘वाट’ म्हणायचे. नियम इतके थोडे की मला वाटलं काहीतरी सांगायचं राहिलं. फरशीचा चौकोनी तुकडा खडूनं आखायचा. एकानं चिंचोके मांडत भिंतीपासून पायरीपर्यंत सलग रांग जोडायची, दुसऱ्यानं खडे मांडत डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत. आळीपाळीनं एकेक मांडायचा. मांडलेला उचलायचा नाही, मारायचा नाही, सरकवायचा नाही. एकाची वाट झाली की दुसऱ्याची वाट लागली. मी पहिले सगळे डाव हरलो.

मी त्यांच्या सोंगटीला चिकटून सोंगटी ठेवायचो, म्हणजे रस्ता बंद. ते वळसा घालून पुढं. चिकटून अडवणारा माणूस भित्रा असतो, असं सर म्हणायचे. खरा अडवणारा लांब बसतो आणि तुम्हाला येऊ देतो. त्यांच्या सोंगट्याही एकमेकींना कधी चिकटलेल्या नसत. एक इथं, दुसरी जरा तिरकी पलीकडं, मध्ये दोन मोकळ्या फरश्या. मी एकीत खडा टाकला की ते दुसरीत चिंचोका टाकायचे. याला ते ‘दोन दारं’ म्हणायचे. लग्नाच्या दोन पत्रिकांचा उलगडा मला त्या फरशीवर झाला.

आणि या खेळात बरोबरी होत नाही. सगळी फरशी भरली तरी कुणाची तरी एकाची वाट झालेलीच असते. सर म्हणायचे, चौकोनी फरशी असती तर चार कोपरे एका ठिकाणी आले असते, आणि चार बांध एका ठिकाणी आले की कोर्ट. सहाकोनीत तीनच येतात, त्यात दोन एका बाजूचे होतातच. म्हणून निकाल लागतो. यावरून त्यांनी माणसं ओळखायचा एक नियम काढला होता. जो म्हणतो ‘बघू, मधला मार्ग काढू’, तो हरायला लागलेला असतो आणि तुम्हाला ते कळू देत नसतो.

एका रविवारी त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. या खेळात पहिला खेळणारा जिंकू शकतोच, हे सिद्ध झालेलं आहे. कारण समजा दुसऱ्याकडं जिंकायची हमखास युक्ती असती, तर पहिल्यानं एक सोंगटी कुठंही टाकून तीच युक्ती चोरली असती. जास्तीची सोंगटी इथं कधी नडत नाही. मी विचारलं, मग पहिल्यानं कसं खेळायचं? सर म्हणाले, ‘‘ते कुणालाच माहीत नाही. युक्ती आहे एवढं नक्की, पण पाहिलेली कुणी नाही.’’ मग कचेरीच्या बंद दाराकडं बघून हळू आवाजात म्हणाले, ‘‘आता विचार करा, ह्या संस्थेत असं काय काय असेल.’’

पहिल्याचं पारडं जड म्हणून त्यांची एक अट असायची. पहिल्यानं पहिली सोंगटी मांडायची, मग दुसऱ्यानं ठरवायचं की ती बाजू आपण घ्यायची का. शाळेतही त्यांचा हाच खाक्या. परीक्षेच्या पहाऱ्याचं वेळापत्रक ते करायचे, पण प्रत्येकाला आधी निवडू द्यायचे आणि उरेल ते स्वतः घ्यायचे. कलिंगड आणलं तर कापायचं एकानं, फोड उचलायची दुसऱ्यानं. हेडमास्तरांनी एकदा स्वतःच कापून स्वतःच वाटलं, तर सरांनी त्या दिवशी कलिंगड खाल्लं नाही.

अप्पांनी आमचे डाव बघितले आणि एक दिवस धोतर सावरून खाली बसले. माणूस हुशार होता, आठ दिवसांत खेळ त्यांनी आत्मसात केला. पहिल्या दिवशी हात जोडून म्हणाले, ‘‘एन्री मास्तर, पहिला मान तुमचा.’’ सरांनी तो घेतला नाही. अप्पांना ते लागलं, कारण मान द्यायचा असतो आणि घ्यायचा असतो, तिथं विचार करायचा नसतो. पुढं रोज दोघांचं जुंपायला लागलं. एकदा अप्पा अडचणीत आले आणि हसत म्हणाले, मास्तर, सोडून देऊ, मधला मार्ग काढू. सर म्हणाले, ‘‘अप्पा, ह्यात मधला मार्ग नसतो. मधली जागा असते. ती मी घेतली.’’

गावात मात्र वेगळीच कुजबुज सुरू झाली. वस्तीतले म्हणायचे, मास्तर रोज चेअरमनच्या ओसरीला बसतो, फितला असणार. अप्पांच्या घरचे म्हणायचे, मास्तर फरशीवर शिवाराचा नकाशा मांडून कसली तरी मोजणी करतोय. अप्पांना सरांचा संशय, सरांना अप्पांचा, आणि मी अप्पांच्या सोयऱ्यातला म्हणून सरांना माझाही. कधी एखादा डाव मी चांगला खेळलो तर, हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं विचारायचे.

पाइप आले आणि कामाचा मुहूर्त ठरला. अप्पांनी जाहीर केलं की नारळ वस्तीकडच्या टोकाला फुटेल, मान मास्तरांच्या मायचा, आणि खोदकाम तिथूनच सुरू होईल. गावात अशी गोष्ट कधी घडली नव्हती. वस्तीत आनंद झाला. मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं. बाया तिच्या घरी येऊन, नारळ एका फटक्यात कसा फोडायचा ते सांगायला लागल्या.

सर नाही म्हणाले. संस्थेच्या सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, नारळ मधे फोडा, अप्पांच्या उसाच्या फडाजवळ, आणि खोदकाम तिथून दोन्हीकडं न्या. मान अप्पांनीच घ्यावा. अप्पांचा चेहरा उतरला.

वस्तीत त्या संध्याकाळी त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा माय लुगड्याची घडी घालत होती. तिनं वर न बघता लेकाला विचारलं, ‘‘जन्मात एकदा कुनी म्हनलं, म्हातारे तू फोड. तुला का रं खुपलं?’’ सर तिला समजावून सांगायला लागले. आपल्या कडेपासून सुरुवात केली तर ती सुरुवात नसतेच. पाइप कमी पडणार, ते कमी पडतातच. मग आपल्या दारात कोरड्या पाइपाचा तुकडा पडून राहील आणि वरची माणसं आपापल्या विहिरीवर सुखी. मधे पाइप पुरला तर ज्यांच्या शेतात पुरला तेच लोक तो विहिरीला नेऊन भिडवतील, आपण सांगायची गरज नाही. माय ऐकत होती की नाही कोण जाणे. तिनं लुगडं ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावलं.

झालं सगळं सर म्हणाले तसंच. मधला पट्टा पुरून झाला आणि पाइप संपले. अप्पांच्या आणि आणखी दोघातिघांच्या शेतात कोरडा पाइप; ते स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. त्यांनी सोलापूरला खेटे घालून राहिलेले सगळे पाइप आणले आणि लाइन विहिरीला भिडवली. फडाला पाणी सुटलं. अप्पांच्या मनात पहिल्यापासून काही होतं का, हे मी पुढं एकदा त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘‘म्या मान दिला होता री. त्यात आनखी काय होतं ते मास्तरांनाच ठाऊक.’’ हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत दुखावलेपण होतं की हुशारी, हे मला आजही सांगता येत नाही.

राहिला शेवटचा तुकडा, फडापासून वस्तीपर्यंतचा. तिथंही सरांनी दोन दारं ठेवली होती. एक वाट अप्पांच्या धाकट्या भावाच्या बांधावरून, दुसरी मौलासाब मुलाण्यांच्या रानातून. अप्पांच्या भावानं अपेक्षेप्रमाणं नाही म्हटलं. सरांना मनातून बरंच वाटलं. अडवणाऱ्यानं एक दार अडवलं म्हणजे दुसरं आपलं. ते मौलाचाचांकडं गेले.

गेले आणि बैलांची चौकशी करून परत आले. कारण मौलाचाचा अप्पांच्या आडतीवर माल घालायचे आणि ईदला अप्पांच्या घरी शिरखुर्मा जायचा. म्हणजे माणूस तिकडचा. आपली शेवटची सोंगटी कुठं पडणार हे त्याला कळलं की अप्पांना कळणार. पुढच्या आठवड्यात सर पुन्हा गेले, पावसापाण्याचं बोलले. मग मुलाण्यांच्या नातवाला फुकट गणित शिकवायला लागले. मी म्हणालो, सर, विचारून टाका की. ते माझ्याकडं असं बघायला लागले की मला तिथून उठावं लागलं. पुढं मला वाटतं त्यांना खरंच काही सुचेनासं झालं होतं. अडवणाऱ्या माणसाशी कसं खेळायचं हे त्यांना पाठ होतं, आणि हा माणूस तर काही खेळतच नव्हता. असा एक सबंध उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात माय झिऱ्यावर घसरून पडली आणि तिचा पाय कायमचा अधू झाला.

पाय जरा टेकवता यायला लागला तशी ती काठी घेऊन, लेकाला न सांगता, मौलाचाचांच्या रानात गेली. दुपारी परत आली आणि भाकरी मागितली. खाता खाता म्हणाली, मौलानं दिली वाट. सर जेवणावरून उठले. अट काय घातली, कुणासमोर बोलला, आधी कुणाशी बोलून आला होता का, असे प्रश्न सुरू झाले. माय म्हणाली, ‘‘कसली अट? म्या मागितली, त्यानं दिली. तलावावर एका पाटीला दोन्हीकडनं धरून आमी माती वाहिलीय.’’

सर मला घेऊन त्या दिवशीच मौलाचाचांकडं गेले. चाचा बाजेवर सुतळी वळत बसले होते. सरांनी विचारलं, वाट देताय असं ऐकलं, ते खरं का? चाचांनी सुतळी बाजूला ठेवली. ‘‘मास्तर, इत्ते दिन आते थे, बैठते थे, बैलां की पूछते थे. जमीन की कब पूछे?’’ मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, ‘‘ह्यांच्या पोटात काय हाय ते मला उन्हाळ्यापासनं ठाऊक. पर मागनाऱ्यानं मागावं का न्हाय? न मागता दिलं तर मास्तर म्हनले असते, ह्यानं का दिलं.’’ सर खिशातला खडू काढून बोटांत फिरवत राहिले. येताना अर्ध्या वाटेवर थांबले आणि म्हणाले, ‘‘स्वामी, माझ्या मायचा पाय गेला.’’ माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच, का आलं, असं विचारलं नाही.

शेवटचा तुकडा वस्तीनं स्वतःच खोदला. चाचांनी आपल्या बैलांनी पाइप ओढून दिले. त्याच सुमारास माझी उमरग्याला बदली झाली, सामान बांधलेलं होतं, तेव्हा निरोप आला की आज नळाला पाणी सोडणार. मी गेलो. अप्पाही आले होते आणि जरा लांब उभे होते. नळ आधी नुसता फुसफुसला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. बायांनी घागरी लावल्या, पोरं भिजली, कुणीतरी हलगी आणली.

सर गर्दीत नव्हते. ते लाइनीच्या कडेनं वर जाऊन एकेक सांधा वाकून बघत होते. बऱ्याच वेळानं खाली आले, कपाळाला आठ्या. नळाशी येऊन उभे राहिले आणि पाण्याच्या धारेकडं बघत राहिले. मी म्हणालो, सर, आलं पाणी. ते म्हणाले, ‘‘आलं खरं. पण उद्या?’’

माय शेजारीच दगडावर पाय लांब करून बसली होती. तिनं तांब्या धारेखाली धरला, भरला आणि त्यांच्यापुढं केला. सर तांब्यात बघायला लागले. ती म्हणाली, ‘‘पी, माणका. त्यात कुनी काय कालवलं न्हाय.’’

सर तिच्या पायाशी खाली बसले. तांब्या दोन्ही हातांत धरून एका दमात प्यायले. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा सगळा भिजला. मग रिकामा तांब्या मायपुढं धरून लहान मुलासारखे म्हणाले, ‘‘अजून दे.’’